वेणी घालताना वाचायची गोष्ट

सांगलीच्या विश्रामबागेतून एका आईने विचारलं आहे: "मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. केस बाबांसारखे दाट कुरळे. वर्गातली मुलं तिला 'मॅगी' म्हणतात. शाळेत दोन वेण्यांचा नियम, म्हणून सासूबाई तेल थापून इतक्या घट्ट वेण्या घालतात की रोज सकाळी रडारड. मावसबहिणीने लग्नाआधी पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले, तेव्हापासून हिचा एकच धोशा, 'मलापण तसेच करून द्या.' परदेशात अशा मुलांसाठी चित्रांची पुस्तकं असतात असं ऐकलं. मराठीत आहेत का? आणि पुस्तक वाचून खरंच काही फरक पडतो का, ताई?"

फरक पडतो. पण आधी वाचणाऱ्या मोठ्या माणसात पडतो, मग मुलात. आधी बालवाडीत आणि नंतर सांगलीतच मुलांच्या वाचनालयात मिळून माझी वीसएक वर्षं गेली, त्यातून हे सांगते आहे. तुमच्या मुलीला स्वतःचे केस कसे दिसतात हे आरशापेक्षा तुमच्या आणि आजींच्या चेहऱ्यावर जास्त कळतं. सकाळी कंगवा हातात घेताना तुमच्या तोंडून निघणारा सुस्कारा, "काय हा गुंता" हे वाक्य, पाहुण्यांसमोर "हिचे केस म्हणजे डोकेदुखी" असं हसत सांगणं, या सगळ्याचं एक पुस्तक तिने कधीच पाठ केलेलं असतं. आपण दुकानातून आणलेलं चोवीस पानी पुस्तक त्या पाठ झालेल्या पुस्तकाशी झगडणार असतं. त्यामुळे कोणतं पुस्तक आणायचं याच्याइतकंच, ते कधी आणि कसं वाचायचं याला महत्त्व आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती व्हायची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी कुरळ्या केसांच्या मुलीचं एक सुंदर इंग्रजी पुस्तक माझ्या हाती लागलं. मी हरखून गेले. शनिवारच्या वाचनाला पंचवीसेक मुलं सतरंजीवर बसली होती, त्यात कुरळ्या केसांची एकच मुलगी. मी पान उलटत मराठीत गोष्ट सांगत होते आणि नकळत पुन्हा पुन्हा तिच्याकडेच बघत होते. चौथ्या पानाला सगळी मुलं वळून तिच्याकडे बघायला लागली. एकाने विचारलं, "बाई, ही गोष्ट हिची आहे का?" तिने फ्रॉकचा घेर उचलून डोक्यावर घेतला आणि गोष्ट संपेपर्यंत खाली केला नाही. माझा हेतू चांगला होता आणि मी त्या पोरीला भर सतरंजीवर एकटं पाडलं. पुढचे तीन शनिवार ती आली नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी पाळते. केसांबद्दलची गोष्ट एका मुलासाठी म्हणून सगळ्यांसमोर वाचायची नाही; वाचायची तर सगळ्यांच्या केसांबद्दल बोलायचं. टक्कल असलेल्या आजोबांपासून जावळ काढलेल्या बाळापर्यंत सगळे त्यात आले पाहिजेत. आणि "तुझे केस किती छान आहेत" हे दहा पानं सांगणारं पुस्तक एकदाच वाचायचं. जे खरंच छान आहे ते इतक्यांदा का सांगावं लागतंय, हा प्रश्न मुलांना पडतो. सरळ केसांच्या मुलीसाठी असं पुस्तक कोणी लिहीत नाही, हेही त्यांच्या लक्षात येतं.

आता परदेशातल्या पुस्तकांबद्दल. तुम्ही जे ऐकलं आहे ती बहुतेक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी केलेली पुस्तकं. १९९८ साली आलेल्या 'आय लव्ह माय हेअर!' मध्ये एक छोटी मुलगी रोज रात्री आईच्या गुडघ्यांमध्ये बसून केस विंचरून घेते. नताशा टार्प्लींचं हे पुस्तक मला आवडतं, कारण विंचरताना दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, हे त्यात लपवलेलं नाही. तुमच्या घरची सकाळ त्यात आहे. २०१९ चं 'हेअर लव्ह' मॅथ्यू चेरी यांनी लिहिलं, चित्रं वश्ती हॅरिसन यांची. त्यात बाप लेकीचे केस बसवायला शिकतो. त्याच गोष्टीवरच्या सात मिनिटांच्या चित्रपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. चित्रपटात फारसे संवाद नाहीत, त्यामुळे मराठी मुलाला काहीच अडत नाही. तुमच्या मुलीचे केस बाबांसारखे आहेत असं लिहिलंत. तो चित्रपट तिच्या बाबांनी तिला मांडीवर घेऊन बघावा, हे या अख्ख्या उत्तरातलं सगळ्यात सोपं काम आहे. आणि विंचरायला आठवड्यातून एकदा तरी त्यांनीच बसावं. ज्याच्याकडून हे केस आले, त्याचा हात त्यांच्यावरून फिरू दे.

पण ही पुस्तकं जशीच्या तशी उचलून आपल्याकडे आणू नका. त्यांच्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. तिथे शाळांनी मुलांना केसांच्या ठेवणीवरून घरी पाठवलं आहे, नोकऱ्या नाकारल्या गेल्या आहेत. असा भेदभाव करता येणार नाही असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा. तिथे एकेका शब्दाला किती धार आहे याचं एक उदाहरण मी नव्या शिक्षिकांना नेहमी सांगते. १९९८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका गोऱ्या शिक्षिकेने कृष्णवर्णीय लेखिकेचंच, केसांचं कौतुक करणारं 'नॅपी हेअर' हे पुस्तक वर्गात वाचलं. मुलांना ते आवडलं होतं. पण 'नॅपी', म्हणजे बारीक घट्ट कुरळे, हा शब्द पिढ्यान्पिढ्या हिणवण्यासाठी वापरला गेलेला. काही पानांच्या झेरॉक्स पालकांच्या हाती पडल्या, गदारोळ झाला आणि शेवटी त्या शिक्षिकेने ती शाळा सोडली. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांनी तोच शब्द शीर्षकात घेऊन 'हॅपी टू बी नॅपी' हे लहानग्यांचं पुस्तक काढलं. शब्द तोच, पण तो कोणाच्या तोंडी आहे, कोणासमोर आहे, घरच्यांना विश्वासात घेतलं आहे का, यावर सगळं अवलंबून. आपल्याकडचे 'झिपरी', 'झिंज्या' हे शब्द असेच आहेत. कुणाच्या केसांवरून, रंगावरून त्याची जात काढणारी माणसं आपल्या गावांत आहेत, आणि मुलं ते ऐकत असतात. म्हणून मी वाचनालयात असं पुस्तक आणलं की आधी आयांना आणि आज्यांना दाखवते.

आजींचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण घट्ट वेणीमागचं कारण बहुतेक सुनांना माहीत नसतं.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या केसांना एक जड इतिहास आहे. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत की तेल, धूळ आणि गळालेले केस एकत्र अडकून जट होते. कुरळ्या दाट केसांत ती लवकर होते, कारण गळालेला केस खाली पडतच नाही, वळणात अडकून राहतो. आणि पोरीच्या डोक्यात जट दिसली की ते यल्लम्मा देवीचं बोलावणं समजायचं. त्यावरून मुली कर्नाटकात सौंदत्तीला, तिच्या देवळात नेऊन देवाला सोडल्या गेल्या, त्यांचं आयुष्य देवदासी म्हणून गेलं. मुंबई प्रांतात याविरुद्ध कायदा १९३४ चा, कर्नाटकात १९८२ चा, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अजूनही बायांची समजूत काढून जटा कापतात. वर्षानुवर्षांचं ते ओझं उतरलं की मान हलकी झाली म्हणून रडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

तुमच्या सासूबाईंच्या लहानपणी मोकळ्या, कुरळ्या, गुंतलेल्या केसांची भीती अशी आजूबाजूला होती. "पोरीचे केस मोकळे सोडू नका" यात नुसती शिस्त नव्हती. त्या तेल थापतात, वेणी करकचून आवळतात, ती मायाच आहे. म्हणून त्यांना चूक ठरवून पुस्तक पुढे करू नका. त्यांना विचारा, "आई, तुमच्या लहानपणी केस कोण विंचरायचं?" मी हा प्रश्न जितक्या आज्यांना विचारला, तितक्यांनी मला एक गोष्ट दिली. शिकेकाई कुटायचा वास, न्हाणीघरातली चूल, माक्याचं तेल, थोरल्या बहिणीने ओढलेली वेणी. ही गोष्ट तुमच्या मुलीने आजीकडून ऐकली की केस हा घरातला भांडणाचा विषय राहत नाही.

आणि जनाबाईंना विसरू नका. तुळशीच्या बनात जनी वेणी उकलते आहे आणि खुद्द चक्रपाणी हातात लोणी घेऊन तिच्या डोईला चोळतो आहे, जनीला कोणी नाही म्हणून देव तिला न्हाऊ घालतो आहे, असा तिचा अभंग आहे. सातशे वर्षांपूर्वीचा. 'हेअर लव्ह' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तोच आठवला. मी हा अभंग चार-पाच वर्षांच्या मुलांना गोष्टीसारखा सांगते आणि मग प्रत्येकाला एक कागद देते: जनीचे केस काढा. कोणी सरळ काढतं, कोणी भेंडोळी काढतं. आमच्या भिंतीवर अशा वीस-पंचवीस जनी आहेत, एकीसारखी दुसरी नाही.

मराठीत काय आहे? खरं सांगायचं तर कुरळ्या केसांवरचं, मी डोळे मिटून हाती देईन असं मराठी चित्रपुस्तक माझ्या कपाटात नाही. त्याने मी फारशी खट्टू होत नाही. कारण मला त्याहून जास्त हवी आहेत ती अशी पुस्तकं, ज्यात कुरळ्या केसांची मुलगी दुसरंच काहीतरी करत असते. बकरी शोधते, पावसात अडकते, मित्राशी भांडते. केसांचा उल्लेखही नाही, फक्त चित्रात ते आहेत. अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटलं होतं की मुलांसाठी पुस्तक कधी खिडकी असतं, कधी आरसा. आरशात आपण रोज बघतो ते काही धडा घ्यायला नाही. "हो, मी आहे" एवढंच बघतो. तसं पुस्तक हवं.

ती शोधायची कशी? लेखकाचं नाव बघू नका, चित्रं बघा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी मोफत वाचता येतात, उतरवून छापताही येतात. एका दुपारी मुलीला शेजारी घेऊन बसा आणि नुसती मुखपृष्ठं बघत जा. "तुझ्यासारखे केस कोणाचे आहेत?" एवढाच खेळ. तिला स्वतःला सापडलेलं पुस्तक तुम्ही दिलेल्या पुस्तकापेक्षा दहापट वाचलं जातं. तिथेच रोहिणी निलेकणींचा शृंगेरी श्रीनिवास भेटेल. लांबच लांब केस वाढलेला आणि ते कापून देणारं माणूस शोधत फिरणारा. केस या विषयावर मनसोक्त हसायला ती गोष्ट फार उपयोगी, कारण त्यात कोणाचे केस चांगले, कोणाचे वाईट असा निवाडा नाही. शिवाय तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट आणि पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मराठीत मिळतात. माधुरी पुरंदरेंच्या पुस्तकांतलं रोजचं साधं घर मुलांना आपलं वाटतं. इंग्रजी पुस्तक मिळालं तर तेही चालेल, फक्त वाक्याला वाक्य भाषांतर करू नका. चित्र बघून तुमच्या घरच्या मराठीत सांगा.

आणि एक पुस्तक घरी करा. हे मी सगळ्यात आग्रहाने सांगते. एक ए-फोर कागद तीनदा घडी घालून उघडला की आठ चौकोन होतात. मधल्या घडीवर अर्धी चीर देऊन तो दुमडला की आठ पानांची वही तयार. तिचं नाव ठेवा 'वळणावळणाचं' किंवा ती म्हणेल ते. प्रत्येक पानावर तिने आजूबाजूला शोधलेली एक वळणदार गोष्ट. आमच्या मुलांनी आणलेली यादी सांगते: जिलबी, चकली, तासगावच्या बागेतल्या द्राक्षवेलीचे गोल गोल वळणारे कोवळे तंतू, गोगलगाय, मेंढीची लोकर, जुन्या फोनची वायर, आणि भोवरा. आपल्या भाषेने डोक्यावरच्या केसांच्या चक्रालाही भोवराच म्हटलंय आणि नदीच्या पाण्यातल्या चक्रालाही. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर तिला न्या आणि पाण्यातलं वळण दाखवा. एका मुलीने शेवटच्या पानावर स्वतःचं डोकं वरून काढलं होतं, मधोमध भोवरा आणि तिथून निघालेली सगळी वळणं. खाली लिहिलं होतं, "माझी नदी."

चित्र काढताना एक नजर ठेवा. कुरळ्या केसांची मुलंसुद्धा स्वतःचं चित्र काढताना दोन सरळ काळ्या वेण्या काढतात. मुलगी म्हणजे असंच चित्र, हे त्यांच्या हाताला इतकं बसलेलं असतं. तिला खोडून दाखवू नका. काळी लोकर, सुतळी, डिंक समोर ठेवा आणि गप्प बसा. हाताला वळण सापडतं.

मुलांना 'का' हवं असतं, तेही द्या. केस ज्या बारीक खळीतून उगवतो ती सरळ असली की केस सरळ येतो, वाकलेली असली की केस वळत वळत बाहेर येतो. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतं, कुरळ्यावर वळणावळणाला अडतं, म्हणून टोकं कोरडी राहतात. हे कळलं की विंचरायची पद्धत आपोआप बदलते. कोरडे केस विंचरू नका. ओले करा, थोडं खोबरेल हाताला लावून टोकांना चोळा, मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकाकडून सुरुवात करत वर या. वरून खाली ओढलं की गाठ घट्ट बसते आणि पोर रडते. बारीक दातांची फणी फक्त उवा-लिखांसाठी ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा तांब्या साध्या नळाच्या पाण्याचा घाला. वेणी दोनच घाला, शाळेचा नियम आहे, पण कपाळाची कातडी ताणली जाईल इतकी नको. रोजच्या ओढीने कडेचे केस विरळ होतात. सासूबाईंना हे एवढं एकच वाक्य सांगा, त्या ऐकतील. केस विरळ झालेले कुठल्याच आजीला नको असतात.

वाचन यातच बसवा. ती तुमच्या पुढ्यात, पुस्तक तिच्या हातात. तुम्ही विंचरता, ती पानं उलटते आणि चित्रांवरून गोष्ट सांगते. एक पुस्तक संपेपर्यंत दोन वेण्या होतात. आमच्याकडच्या एका आईने हे सुरू केलं, तेव्हा पहिले आठ दिवस मुलगी पुस्तक फेकून देत होती. नवव्या दिवशी म्हणाली, "हळू विंचर, अजून दोन पानं आहेत."

शाळेबद्दल फार लांबण लावत नाही. वर्गशिक्षिकेला भेटा, तक्रार म्हणून जाऊ नका, एक पुस्तक भेट घेऊन जा. वर्गात सगळ्यांच्या केसांबद्दल एक तास घ्या म्हणा: कोणाचे कसे, घरी कोण विंचरतं, जावळ कधी काढलं, डोक्यावर भोवरे किती. दोन भोवरे असले की दोन लग्नं, ही म्हण मुलं स्वतःच काढतील आणि वर्ग हसेल. 'मॅगी' म्हणणाऱ्या मुलाला उभं करून रागवायला मात्र लावू नका. तो शब्द त्याने दुखवायला शोधलेला नसतो, पहिल्यांदा तर नसतोच. घरी मुलीला एवढं शिकवा, की नावाने हाक मारेपर्यंत वळून बघायचं नाही.

राहिला केस सरळ करून घ्यायचा हट्ट. सहा वर्षांच्या मुलीला नाही म्हणा, स्पष्ट. पार्लरमधली बरीच रसायनं केसाच्या आतली बंधनं तोडून त्याला सरळ बसवतात, आणि त्यातली काही तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवला आहे. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळातून येणारा नवा केस कुरळाच येतो. पण मावसबहिणीला वाईट ठरवू नका. ती मोठी आहे, तिने तिचं ठरवलं. मुलीने विचारलं, "मी मोठी झाल्यावर करू?" तर "मोठी झालीस की तुझं तू ठरव" असं म्हणा, आणि ते मनापासून म्हणा. तिला कुरळे केस आवडलेच पाहिजेत अशी नवी सक्ती मला तिच्यावर नको आहे. ठरवायची वेळ येईल तेव्हा तिने स्वतःच्या केसांना न घाबरता, न लाजता बघितलेलं असावं.

पुढच्या रविवारी न्हाणं झालं की तिला ओल्या केसांनीच वाचनालयात घेऊन या, आजींनाही आणा. मोठ्या दातांचा कंगवा आमच्याकडे आहे. आजींनी विंचरावं, मी गोष्ट सांगते.